सरांचे पाढे आणि माझं ‘स्टेबल’

“मॅडम, पाढे गेले.”

डिसेंबर २०२३ मधली दुपार. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडून बसले होते. फोनवर एका जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक होते. त्यांच्या शाळेत आम्ही चार जुने कॉम्प्युटर बसवून दिले होते. आधी मला वाटलं, पोरं पाढे विसरली असं काहीतरी ते सांगतायत. मग कळलं की ‘पाढे’ हे एका प्रोग्रामचं नाव आहे. सरांनी स्वतः लिहिलेला. तो आता चालत नव्हता, आणि तो मी घालवला होता. त्यांच्या गावी न जाता, त्या कॉम्प्युटरला हात न लावता, माझ्या खोलीत बसून, सर्व्हरवर एक ओळ बदलून.

ती ओळ काय होती ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. कंटाळू नका, कोड दाखवणार नाही.

२०१८ साली आम्ही थर्ड इयरला होतो. कंपन्या जुने कॉम्प्युटर भंगारात काढतात, ते गोळा करायचे, दुरुस्त करायचे, त्यांवर फुकट आणि मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आणि गावातल्या शाळांना द्यायचे, असा आमच्या सहा जणांचा उद्योग होता. सिस्टिम निवडली डेबियन. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. आमचा गट आता दोघांवर आला आहे. बाकीचे परदेशी गेले, एकाचं लग्न झालं, एक जण फक्त ग्रुपवर अंगठे देतो. रेपॉझिटरी मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे.

रेपॉझिटरी म्हणजे कोठार. तुमच्या फोनवर ॲप जसं स्टोअरमधून येतं तसं लिनक्सवर प्रत्येक गोष्ट पॅकेज म्हणून कोठारातून येते. फरक इतकाच की फोनवर प्रत्येक ॲप आपापला संसार घेऊन येतं, आणि इथे एकत्र कुटुंब असतं. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. डेबियनच्या ताज्या आवृत्तीत अशी ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. त्यातली आम्हाला लागणारी थोडी उतरवून घेऊन मी आमच्या सर्व्हरवर ठेवते. शाळेतला कॉम्प्युटर सुरू झाला आणि इंटरनेट मिळालं की तो माझ्या सर्व्हरला विचारतो, काही नवीन आहे का? असेल तर घेतो.

आता ब्रांच. डेबियनमध्ये नवीन पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ नावाच्या ब्रांचमध्ये येतं. तिथे काही दिवस, सहसा पाच, कोणी मोठा दोष नोंदवला नाही आणि इतर अटी पुऱ्या झाल्या तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंगमधली भर थांबवतात, चुका निस्तरतात, आणि मग तीच ब्रांच ‘स्टेबल’ म्हणून जाहीर होते. शिवाय प्रत्येक आवृत्तीला टॉय स्टोरी या सिनेमातल्या एखाद्या पात्राचं नाव असतं. बुलझाय, बुकवर्म, ट्रिक्सी. अनस्टेबलचं नाव कधीच बदलत नाही, ते कायम ‘सिड’. सिनेमातला खेळणी मोडणारा पोरगा.

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक छोटी फाइल असते, तिच्यात कोठाराचा पत्ता आणि ब्रांच लिहिलेली असते. ब्रांच दोन तऱ्हांनी लिहिता येते. ‘बुकवर्म’ असं नाव लिहिलंत तर तुम्ही कायम बुकवर्मवर. ‘स्टेबल’ असं लिहिलंत तर आज जी आवृत्ती त्या पदावर असेल तिच्यावर. शाळेत अर्ज लिहायचो ते आठवून बघा. ‘प्रति, मा. मुख्याध्यापक’ असं लिहिलेला अर्ज खुर्चीत जो असेल त्याच्याकडे जातो. बाईंचं नाव घालून लिहिलेलं पत्र बाईंकडेच जातं, त्या बदलून गेल्या असल्या तरी. सर्व्हरवर ‘स्टेबल’ हे नुसतं बोट दाखवणारं नाव असतं. त्याच्या मागे काहीही साठवलेलं नसतं. बोट कुठे दाखवायचं ते सर्व्हर सांभाळणारा ठरवतो.

२०१८ मध्ये मी सगळ्या कॉम्प्युटरमध्ये ‘स्टेबल’ लिहिलं. का, तर शिक्षकांना पुन्हा कधी ती फाइल उघडायला लागू नये. त्यांचं काम शिकवणं, माझं काम हे. मला तेव्हा हे फार समंजस वाटलं होतं. आणि शब्दही किती चांगला, स्टेबल! शिक्षकांना समजावताना मी ‘स्थिर’ म्हणायचे. “स्थिर वर ठेवलंय सर, काही हलणार नाही.” आज ते आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. दर दोन वर्षांनी ज्याचा अर्थ पूर्ण बदलतो अशा शब्दाला मी स्थिर म्हणत होते.

पहिला धक्का २०२१ मध्ये बसला, पण त्यातून मी नेमका उलटा धडा घेतला.

त्या ऑगस्टमध्ये डेबियन ११ आलं आणि डेबियन १०, म्हणजे बस्टर, ‘ओल्डस्टेबल’ झालं. बस्टरमधला अपडेट करणारा प्रोग्राम – त्याचं नाव ॲप्ट – एक खबरदारी घ्यायचा. कोठाराने स्वतःबद्दलची माहिती बदलली, काल स्टेबल म्हणत होतं आणि आज ओल्डस्टेबल म्हणतंय, तर तो थांबायचा आणि म्हणायचा की हा बदल तुम्ही स्पष्टपणे मान्य केल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. किती सभ्य वागणं! संमती घेतल्याशिवाय काही नाही.

पण विचारायचं कोणाला? माझे कॉम्प्युटर आपोआप अपडेट व्हायचे. समोर कोणी बसलेलं नसायचं. तेव्हा तर शाळाही बंद होत्या. जिथे उघडल्या तिथे कॉम्प्युटर सुरू व्हायचा, प्रश्न विचारायचा, उत्तर यायचं नाही, अपडेट थांबायचं. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेने येतात, त्याही थांबल्या. जगभर अनेकांच्या सर्व्हरवर तेच झालं. डेबियनच्या लोकांना ही गोष्ट आधीच कोणीतरी दाखवून दिली होती आणि नव्या ॲप्टमध्ये तो प्रश्न काढून टाकलेला होता, पण ज्यांच्यापर्यंत नवं ॲप्ट पोचलं नव्हतं ते अडकले. माझे सगळे अडकले.

मग मी महिनाभर संध्याकाळी एकेका शिक्षकांना फोन केला. “सर, आता डॅश डॅश. नाही, दोनदा. मध्ये जागा नाही. अलाऊ. ए डबल एल ओ डब्ल्यू. परत डॅश.” एक बाई म्हणाल्या, “अगं, माझ्या कीबोर्डवरचं ते बटण उंदराने खाल्लंय.” हसले, पण रडकुंडीला आले होते. आणि हे पुन्हा करायला लागू नये म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक सेटिंग टाकून घेतलं: यापुढे कोठार स्वतःबद्दल काहीही म्हणालं तरी मान्य. विचारू नकोस.

प्रश्न विचारला जात होता तो चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, आणि अशा भाषेत की ज्याला विचारलाय त्याला तो कळू नये. यातलं मी काहीच दुरुस्त केलं नाही. प्रश्नच बंद केला.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, मी सर्व्हरवरचं बोट बुलझायवरून बुकवर्मकडे वळवलं. घरी दोन जुन्या लॅपटॉपवर आठवडाभर करून पाहिलं होतं. सगळं नीट चाललं होतं. सुट्टी संपली, शाळांमधले कॉम्प्युटर एकामागून एक सुरू झाले आणि नवे झाले. सर्व्हरच्या नोंदींमध्ये मला ते दिसत होतं आणि मी खूश होते.

सरांचा ‘पाढे’ पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला होता. पायथन २ बनवणाऱ्यांनी त्याची दुरुस्ती १ जानेवारी २०२० ला थांबवली. डेबियन ११ मध्ये ते अजून होतं, १२ मध्ये काढून टाकलं. शाळांच्या कॉम्प्युटरवर ते मुद्दाम कोणी बसवलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजला लागायचं म्हणून आलं होतं. ते मागणारं पॅकेज नव्या आवृत्तीत गेलं, आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये शेवटी एक कमांड होती: आपोआप आलेलं आणि आता कोणाला नको असलेलं सगळं काढून टाक. जागा वाचते. जुन्या कॉम्प्युटरवर जागा कमी असते.

‘कोणाला नको असलेलं’ हे कसं ठरतं बघा. कुठलं पॅकेज कुठल्या पॅकेजला लागतं याची चोख नोंद असते. सर रोज सकाळी प्रार्थनेनंतर ते वापरतात याची नोंद कुठेच नसते. सरांनी पॅकेज मागितलं नव्हतं, कॉम्प्युटरवर आयतं सापडलं म्हणून त्यात प्रोग्राम लिहिला होता. म्हणून कॉम्प्युटरच्या हिशेबी त्याची गरज असलेलं कोणी नव्हतंच.

प्रोग्राम मी नंतर पाहिला. दोनशेच्या आसपास ओळी. पडद्यावर मराठीत प्रश्न येतो, पोराने उत्तर द्यायचं. नुसते दोन ते तीसचे पाढे नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. माझ्या आजीला येतात ते. चुकलेला प्रश्न लवकर परत येतो, बरोबर आलेला उशिरा. कोणत्या पोराचं काय चुकतं त्याची फाइल. ती फाइल शाबूत होती, एवढं नशीब.

सरांनी फोन केला तो तीन आठवड्यांनी. मी विचारलं, आधी का नाही केलात? ते जरा थांबले. मग म्हणाले, त्यांना वाटलं पाचवीतल्या एका मुलाने काहीतरी केलं. तो मुलगा सारखा कॉम्प्युटरशी खुडबुड करायचा, दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी तोच पहिला बसला होता. सरांनी त्याला कॉम्प्युटरवर बसायचं नाही असं सांगितलं होतं. तीन आठवडे. “तो म्हणत होता हो, मी काही केलं नाही म्हणून.”

मी डबा तसाच बंद केला.

पुढच्या महिन्यात शनिवार बघून मी त्या शाळेत गेले. सरांनी वर्गाला सांगितलं होतं की चूक त्याची नव्हती, पण मला ते माझ्या तोंडाने सांगायचं होतं. सांगितलं. मी पुण्यात बसून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल केला, तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून हे झालं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “मग तुम्हाला किती दिवस बंदी?” सर तिला ओरडले. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. तो मुलगा माझ्याकडे न बघता पाटीवर काहीतरी गिरवत होता.

प्रोग्राम मी तिथेच बसून पायथन ३ मध्ये आणला. अर्धा तास. फुशारकीने चालवून दाखवला आणि दिडकीला पडद्यावर आलं, तीन दीड, साडे ४.५. पोरं फुटली. सरांनी सगळा हिशेब पावांत ठेवला होता, चाराने भागून पूर्ण आकडा वेगळा आणि उरलेले पाव वेगळे काढायचे. जुन्या पायथनमध्ये भागाकार पूर्णांकात यायचा, नव्यात तसा येत नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. सरांना नव्हतं माहीत, पण साडेचार कसे दिसतात ते त्यांना माहीत होतं.

आता प्रश्न. माझं चुकलं म्हणजे नक्की काय चुकलं?

मित्रांना विचारलं तर म्हणतात, काहीच नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या बहुतेक परवान्यांत लिहिलेलं असतं की हे जसं आहे तसं घ्या, हमी नाही. फुकट दिलंस, वर दुरुस्ती फुकट करतेस, अजून काय? आणि कोड खुला आहे, ज्याला पटत नाही त्याने आपली प्रत काढावी आणि आपली वाट धरावी. हे कायद्याला धरून आहे आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत खरंही आहे. मला डेबियनचा निर्णय पटला नाही तर मी खरोखर दुसरीकडे जाऊ शकते. सर जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी ‘स्टेबल’चा अर्थ मी म्हणेन तो. बाहेर पडायचा दरवाजा भिंतीवर रंगवलेला असेल तर तो दरवाजा आहे असं म्हणू नये.

दुसरं म्हणणं, मग बदलायचंच कशाला? एकदा बसवलंय, चाललंय, राहू दे. याकडे माझा मनातून ओढा होता. डिसेंबरभर मी रोज झोपताना ठरवायचे की सगळं गोठवून टाकू. पण थांबलेलं म्हणजे सुरक्षित असं नसतं, आणि याची जखम डेबियनच्याच अंगावर आहे. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये एक छोटा बदल झाला. व्हॅलग्रिंड नावाचं चुका हुडकणारं साधन काही ओळींबद्दल कुरकुर करत होतं, म्हणून त्या बंद केल्या गेल्या. ज्याने हे केलं त्याने मूळ कार्यक्रमाच्या लोकांना आधी विचारलंही होतं. पण त्या ओळींतूनच गुप्त चाव्या बनवताना लागणारी बेभरवशाची सरमिसळ येत होती. ती गेली आणि एका प्रकारच्या, एका लांबीच्या चाव्यांसाठी जेमतेम ३२,७६७ शक्यता उरल्या. लॅपटॉपवर बसून सगळ्या तपासता येतील इतक्या. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. मधल्या काळात ते स्टेबलमध्येही गेलं होतं. म्हणजे जे सर्वात सावध, सर्वात सावकाश चालणारे, त्यांच्याही घरात ते होतं.

आणि बरोबर उलटं उदाहरण २०२४ चं. एक्सझेड नावाचं, फाइली दाबून लहान करणारं एक लहानसं सॉफ्टवेअर. लासे कोलिन नावाचा एक माणूस ते वर्षानुवर्षं फुकट सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी आलं, दोनेक वर्षं इमानदारीने मदत केली. इतर काही नावांनी लोक येऊन कोलिनला टोचत राहिले, तू फार हळू आहेस, दुसऱ्याकडे सोपव. शेवटी टॅनला अधिकार मिळाले आणि त्याने दोन आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातला. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये त्या पोचल्या, स्टेबलमध्ये पोचल्या नाहीत. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला त्याच्या डेबियन सिडवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि व्हॅलग्रिंड काहीतरी कुरकुर करत होतं. तो त्याच्या मागे लागला. २९ मार्चला त्याने जगाला सांगितलं. त्या वेळी सरांच्या शाळेत माझं बुकवर्म होतं, म्हणजे स्टेबल, म्हणून त्यांना काही झालं नाही. मी काही शहाणपणा केला होता असं नाही.

दोन्ही गोष्टींत तेच साधन तशीच कुरकुर करतंय. एकदा ती गप्प करणं म्हणजे नीटनेटकेपणा वाटला, एकदा कोणीतरी ती ऐकत बसला. जुनं धरून ठेवायचं की नवं घ्यायचं, याचं उत्तर मला यातून मिळालं नाही. पण मी २०२१ मध्ये तो प्रश्न विचारणारं सेटिंग बंद केलं होतं ते मात्र फार आठवत राहिलं.

माझी एक रूममेट तत्त्वज्ञानात एम.ए. करत होती. तिला एकदा मी पॅकेजवरच्या सहीबद्दल सांगत होते. प्रत्येक कोठाराच्या यादीवर डिजिटल सही असते, ॲप्ट ती तपासतं, सही बरोबर असेल तरच पॅकेज घेतं. ती म्हणाली, “ॲप्ट नाही गं, आप्त.” मला वाटलं कोटी करतेय. कोटीच होती, पण मग तिने समजावलं. न्यायदर्शनात ज्ञान मिळवायची चार साधनं सांगितली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कोणीतरी सांगितलं म्हणून कळलेलं. पण कोणीही नाही, आप्ताने सांगितलेलं. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो. तिथे आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, असा सांगणारा. वात्स्यायन, कामसूत्रवाला नाही, न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा, तो म्हणतो की ही व्याख्या ऋषीला लागू आहे तशीच म्लेंच्छालाही. जात-कुळाचा संबंध नाही. त्याला माहीत आहे का आणि तो खरं सांगतोय का, एवढंच.

हे लावून बघितलं तर सही फार थोडं सांगते. हे अमुकनेच म्हटलंय, मध्ये कोणी बदललं नाही, इतकंच. टॅनच्या सह्याही बरोबर होत्या. त्याला सगळं माहीत होतं, सांगायची इच्छा नव्हती, उलट लपवायची होती. तो आप्त नव्हता हे सोपं आहे.

मी होते का? माझी इच्छा स्वच्छ होती. पण मला माहीत नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर तपासलं ते मला माहीत होतं. वर्गात काय चालतं ते नव्हतं, आणि पाच वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही या कॉम्प्युटरवर काय करता, इतका साधा प्रश्न. तो विचारला असता तर सरांनी ‘पाढे’ अभिमानाने दाखवला असता. न विचारण्याचं कारण वेळ नव्हता हे नाही. मला वाटत होतं की मीच दिलंय, तर त्यात काय आहे ते मला माहीत असणारच.

रूममेट म्हणाली की मग संमती घ्यायची. इथे मी तिच्याशी भांडले. २०२१ चा अनुभव मला आहे. ज्याला पायथन २ आणि ३ मधला फरक माहीत नाही त्याला “मान्य आहे का” विचारणं म्हणजे स्वतःची जबाबदारी त्याच्या अंगठ्याखाली सरकवणं. आपण रोज किती ठिकाणी ‘आय ॲग्री’ दाबतो! सरांनीही दाबलं असतं, पाढे तरीही गेले असते, आणि मग मी म्हणाले असते, सर तुम्हीच तर हो म्हणालात. तीन आठवडे बंदी त्या पोराऐवजी सरांच्या वाट्याला आली असती एवढाच फरक. निर्णय माझाच राहतो. तो मी घेतला हे समोरच्याला कळलं पाहिजे, कधी घेतला ते कळलं पाहिजे आणि बिघडलं तर पाचवीतल्या पोराकडे न बघता माझ्याकडे बघता आलं पाहिजे. डेबियनच्या सामाजिक करारात, १९९७ पासून, एक कलम आहे की आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही. दोष कोणीही नोंदवावा, सगळ्यांना दिसतो. मी काही लपवलं नव्हतं. बदलांची यादी सर्व्हरवर होती, इंग्रजीत, कोणी जात नाही अशा पानावर.

यावर ती म्हणाली, “म्हणजे राजा चांगला असला की झालं?” याला माझ्याकडे धड उत्तर नाही. आम्ही त्या दिवशी न जेवता झोपलो.

२०२५ मध्ये परत तीच वेळ आली. ९ ऑगस्टला डेबियन १३ आलं, ट्रिक्सी. राखीपौर्णिमा होती, मी भावाकडे होते आणि जेवताना टेबलाखाली फोनवर रिलीज नोट्स वाचत होते. या वेळी गोष्ट पायथनपेक्षा मोठी होती. ट्रिक्सीमध्ये जुन्या ३२-बिट कॉम्प्युटरसाठी कर्नल नाही आणि इन्स्टॉलरही नाही. डेबियनचा सल्ला सरळ आहे: अशी मशिन्स ट्रिक्सीवर नेऊ नका, जमलं तर ६४-बिट बसवा, नाहीतर मशिन निवृत्त करा. त्यांची बाजू मला कळते. ती मशिन्स तपासायला माणसं उरलेली नाहीत. पण आमच्या शाळांमधले चाळीसेक कॉम्प्युटर ३२-बिट आहेत. तिथे निवृत्त म्हणजे वर्गात परत फळा आणि खडू.

पूर्वीची मी असते तर काही महिने थांबून बोट वळवलं असतं. या वेळी ठरवलं की ‘स्टेबल’ हा शब्दच काढायचा. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आज जे आहे त्याचं नाव लिहायचं, बुकवर्म. त्याला जून २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. पुढे न्यायचं तेव्हा एकेका शाळेशी बोलून न्यायचं. २०२१ मधलं ते ‘विचारू नकोस’ सेटिंग काढायचं. सफाईची कमांड काढायची. आणि कॉम्प्युटर सुरू झाला की मराठीत पाटी दाखवायची: या कॉम्प्युटरमध्ये अमुक तारखेला बदल झाला, काय बदललं, कोणी केला, आणि माझा फोन नंबर. काही चालेनासं झालं तर मुलांना विचारण्याआधी इथे फोन करा.

शाळांना फोन केले. अर्ध्या लोकांनी उचलले. काही शिक्षक बदलून गेले होते, नव्यांना आम्ही कोण ते माहीत नव्हतं. एका शाळेचा नंबर आता गावातल्या किराणा दुकानात लागतो. सरांनी उचलला, सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, “म्हणजे इथून पुढे तुम्ही विचारून बदलणार. बरं. पण हे बाकीच्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जाणार कसं?”

कसं म्हणजे, माझ्या सर्व्हरवरून. त्याच आपोआप अपडेटने. ज्यांनी फोन उचलला नाही त्यांच्याकडेही. यापुढे न विचारता काही बदलू नये म्हणून मी न विचारता सगळ्यांच्या फाइलमध्ये हात घालणार होते, आणि हे मला सरांनी विचारेपर्यंत सुचलं नव्हतं. दोन दिवस थांबले. मग केलं. न करून तो शब्द तिथेच राहिला असता, आणि बोट माझ्या हातात.

पाटी दिसू लागल्यावर आठवड्याने पहिला फोन आला. नंबर अनोळखी होता, या वेळी कट केला नाही. ज्यांनी आधी उचलला नव्हता त्यांच्यापैकी एका शाळेतल्या बाई होत्या. मी वही घेऊन बसले, काय गेलं, काय बिघडलं ते लिहून घ्यायला.

“नाही, चालतंय सगळं,” त्या म्हणाल्या. “ती पाटी रोज सकाळी येते ना, ती बंद कशी करायची?”

मी त्यांना सांगितलं कशी करायची. मग म्हटलं, बाई, एक मिनिट, ठेवू नका. तुम्ही या कॉम्प्युटरवर काय काय करता?